बंद झालेलं झाँ पातू: पहिली कुपी घेण्याआधी

जुन्या परफ्यूमची गोडी लागली की 'जॉय' हे नाव कधी ना कधी कानावर येतंच. पॅरिसच्या झाँ पातू या घराण्याने १९३० साली तो काढला, 'जगातला सर्वांत महागडा परफ्यूम' अशी त्याची जाहिरात केली आणि जवळजवळ नव्वद वर्षं तो विकला. २०१८ मध्ये एलव्हीएमएच या बड्या फ्रेंच समूहाने पातू विकत घेतलं. त्यांनी कपड्यांचं काम नव्याने सुरू केलं, पण परफ्यूम बंद झाले. आता मिळतो तो उरलेला साठा, कुणाच्या कपाटात राहिलेल्या बाटल्या आणि लिलावात निघणारा माल.

जुन्या परफ्यूमच्या वाटेला प्रथमच जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पातूची शैली नावात, बाटलीत किंवा जाहिरातीत शोधू नका. ती कच्च्या मालात आहे. खरी फुलं, आणि तीही सढळ हाताने. म्हणून आधी नाक तयार करा, मग बाटली घ्या.

पहिली पायरी: घराणं समजून घ्या

झाँ पातू हा मुळात कपडे शिवणारा. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर १९१९ मध्ये त्याने पॅरिसच्या र्‍यू सँ-फ्लोरांताँवर ७ नंबरच्या इमारतीत आपलं दालन पुन्हा उघडलं. विम्बल्डन गाजवणाऱ्या सुझान लेंगलेनला त्याने गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा स्कर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर आणि कपाळपट्टी दिली. खेळाडू बाई मैदानावर मोकळेपणाने धावू शकते, हे त्या कपड्यांतून अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. हा मोकळेपणा त्याच्या परफ्यूममध्येही उतरला.

१९२५ मध्ये त्याने एकदम तीन परफ्यूम काढले: अमूर अमूर, के से-ज आणि अद्यो साजेस. सोनेरी, काळ्या आणि तांबूस केसांच्या स्त्रियांसाठी एकेक, अशी त्यामागची कल्पना. हे सुगंध रचले आंरी आल्मेरास या परफ्यूमरने. त्याआधी तो पॉल प्वारे या शिंप्याच्या 'रोझीन' या परफ्यूमघरात होता. पातूच्या पहिल्या काळातल्या जवळजवळ सगळ्या रचनांवर त्याचाच हात आहे.

पुढची दहा-बारा वर्षं या घराण्याचा सर्वांत श्रीमंत काळ. समुद्रकिनारी ऊन खाण्याची टूम निघाली तेव्हा १९२७ मध्ये पातूने अंगाला लावायचं शाल्दे हे तेल आणलं. त्याचा वास लोकांना इतका आवडला की त्याच नावाचा परफ्यूम करावा लागला. १९२९ मध्ये 'ल सियाँ' आला, बाई आणि पुरुष दोघांनी लावावा म्हणून. त्याच सुमारास लॅव्हेंडरवर बेतलेला 'मोमां सुप्रेम' आला. दालनात बायका कपडे बघत असताना सोबतच्या पुरुषांना बसायला पातूने बार थाटला होता; १९३० चा 'कॉकटेल' हा परफ्यूम त्या वातावरणातलाच. 'नॉर्मांदी' या प्रचंड फ्रेंच जहाजाची पहिली सफर १९३५ मध्ये निघाली, तिच्यासाठी त्याच नावाचा परफ्यूम झाला. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना पगारी रजेचा कायदा झाला आणि त्याच वर्षी 'व्हाकांस', म्हणजे सुट्टी, हा लायलॅक आणि मिमोसा या फुलांचा हिरवागार सुगंध आला. पातू स्वतः त्याच वर्षी वारला. घराणं मात्र चालू राहिलं: १९३८ मध्ये अननसाच्या वासाचा 'कोलोनी', आणि जर्मनांच्या ताब्यातून सुटलेल्या फ्रान्सच्या आनंदात १९४६ चा 'लर आतांद्यू', वाट पाहिलेली घटका.

ही यादी पाठ करायची गरज नाही. फक्त एवढं लक्षात घ्या की यातली बरीच नावं त्या त्या वर्षाच्या एखाद्या घडामोडीला बांधलेली आहेत. काळाची नस पातूला अचूक सापडायची.

१९६७ पासून झाँ केर्लेओ मुख्य परफ्यूमर झाले आणि तीसेक वर्षं राहिले. १९७२ चा 'मिल', म्हणजे '१०००', हे त्यांचं मोठं काम. १९८४ मध्ये त्यांनी जुने बारा सुगंध पुन्हा बांधून 'मा कोलेक्स्यों' या नावाने आणले. आजच्या शौकिनावर हे त्यांचे थोर उपकार आहेत, कारण १९२० आणि ३० च्या दशकातल्या मूळ बाटल्या फार क्वचित चांगल्या स्थितीत मिळतात. कपड्यांचं दालन १९८७ मध्ये बंद पडलं, परफ्यूम चालू राहिले. २००१ मध्ये कंपनी प्रॉक्टर अँड गँबलकडे गेली, २०११ मध्ये डिझायनर पार्फम्स या ब्रिटिश कंपनीकडे. २०१८ ची गोष्ट वर सांगितलीच.

दुसरी पायरी: 'जॉय'चा हिशेब करून बघा

१९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि पातूची श्रीमंत अमेरिकन गिऱ्हाइकं पॅरिसला येईनाशी झाली. अशा वेळी दुसरा कोणी स्वस्त माल काढला असता. पातू मात्र एल्सा मॅक्सवेल या मैत्रिणीबरोबर ग्रास या दक्षिण फ्रान्समधल्या परफ्यूमच्या गावी आल्मेरासकडे गेला. तिथे पसंत पडलेली रचना इतकी खर्चिक होती की ती बाजारात चालणं शक्य नव्हतं. पातूने तीच उचलली, आणि जाहिरात केली ती तिच्या किमतीचीच.

कंपनीचा दावा असा की एका औंसाला, म्हणजे साधारण ३० मिलीला, जाईची १०,६०० फुलं आणि २८ डझन गुलाब लागतात. हा आकडा सगळे सांगतात, पण त्याचा अर्थ काय होतो ते फारसं कोणी सांगत नाही. आपण सांगू. जाईची आठ ते दहा हजार फुलं म्हणजे साधारण एक किलो. एक किलो अॅब्सोल्यूट, म्हणजे फुलांचा घट्ट अर्क, काढायला साधारण ६०० ते ७०० किलो फुलं लागतात. तेव्हा १०,६०० फुलांमधून दीड ग्रॅम, फार तर सव्वादोन ग्रॅम अर्क निघेल. तीस मिलीच्या कुपीत निदान दीड ग्रॅम खरी जाई! त्यावर बल्गेरियाचा गुलाब आणि ग्रासचा मे महिन्यातला गुलाब वेगळाच. परफ्यूमच्या धंद्यात जाईचा अर्क थेंबाने मोजतात, हे माहीत असलेल्याला हा डोस ऐकूनच धक्का बसेल.

आता आपल्याला मिळालेली एक सोय. ग्रासमध्ये लावतात ती जाई म्हणजे जास्मिनम ग्रँडिफ्लोरम, आपल्या अंगणातली जाईच. संध्याकाळी ताज्या फुलांची ओंजळ नाकाशी धरा. गोड, हिरवट, थोडी फळासारखी. तीच फुलं वाटीत ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगा. गोडीच्या खाली काहीतरी जड, अंगाला येणाऱ्या वासासारखं, किंचित कुजकट लागेल. त्याला कारण इंडोल हे द्रव्य. 'जॉय'मध्ये ही दोन्ही टोकं एकत्र आहेत, आणि तळाला उदमांजराच्या ग्रंथीतून येणारं सिव्हेट आहे. पहिल्यांदा हुंगणारे पुष्कळ जण म्हणतात, 'वास घाणेरडा आहे.' ज्याने शिळी जाई हुंगली आहे तो असं म्हणणार नाही. म्हणून ही तयारी कुपी विकत घेण्याआधी करा. त्याला पैसे पडत नाहीत.

तिसरी पायरी: सुरुवात कुठून करायची

माझं मत ठाम आहे: पहिली बाटली 'जॉय'च्या पार्फमची, म्हणजे सर्वांत दाट प्रकाराची, घ्यावी, आणि ती लहानात लहान. लेबलवर नुसतं 'पार्फम' लिहिलेलं असतं. ओ द तोआलेत हा पातळ प्रकार स्वस्त आणि सहज मिळतो, पण त्यात वरवरचा साबणासारखा झगमगाट जास्त आणि फुलांचा गर कमी वाटतो. दाट प्रकाराचा एक थेंब मनगटावर संध्याकाळपर्यंत टिकतो, त्यामुळे लहान कुपीही पुष्कळ दिवस पुरते.

जुनी पूर्ण बाटली परवडत नसेल तर विश्वासू माणसाकडून डिकँट घ्या. म्हणजे मोठ्या बाटलीतून एक-दोन मिली काढून दिलेली छोटी शिशी. शिकण्यासाठी एक मिली पुरेसा आहे.

'जॉय' समजला की '१०००' घ्या. त्यात चीनमधल्या ऑस्मँथस या फुलाचा जर्दाळू आणि चामडं यांच्या मधला वास आहे, आणि खाली पॅचोली व शेवाळाचा गंभीर तळ. तो पहिल्या भेटीत आवडेलच असं नाही. त्यानंतर 'मा कोलेक्स्यों'मधले जे मिळतील ते.

मराठी माणसाला एक सुगंध अगदी घरचा वाटेल: २००६ चा 'सिरा देझांद', झाँ-मिशेल द्युरिएझ यांचा. वेलदोडा, केळं, दूध, सोनचाफा आणि चंदन यांनी तो बांधला आहे. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आणि पूजेतली फुलं एकाच ताटात ठेवल्यासारखा तो येतो. पातूच्या नेहमीच्या शैलीशी त्याचा फारसा संबंध नाही. मला मात्र तो मनापासून आवडतो.

एक सावधगिरी. २०१८ मध्ये एलव्हीएमएचच्याच डिओरने 'जॉय' या नावाचा नवा परफ्यूम आणला. नाव सोडून त्याचं पातूच्या 'जॉय'शी काही नातं नाही. शोधताना दोन्ही एकत्र येतात, म्हणून लेबलवर 'झाँ पातू' आहे ना, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

चौथी पायरी: खोक्यावरून वय ओळखा

विकणारे सगळेच 'व्हिंटेज', म्हणजे जुन्या काळचा माल, म्हणतात. तुम्ही खोकं उलटं करून तळाचा फोटो मागा. बहुतेक उत्तरं तिथे असतात.

युरोपच्या बाजारासाठी केलेल्या खोक्यावर लिनालूल, जेरॅनिऑल, सिट्रोनेलॉल अशी नावांची लांबलचक यादी असेल, तर बाटली २००५ च्या आसपासची किंवा नंतरची. युरोपीय नियमांनुसार अॅलर्जी करू शकणाऱ्या २६ द्रव्यांची नावं तेव्हापासून छापावी लागू लागली. घटकांची यादी आहे पण तोकडी आहे, तर साधारण १९९० च्या दशकाच्या शेवटाची. यादीच नसेल तर त्याआधीची असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेसाठीच्या खोक्यांना हा नियम लावू नका, तिथे आधीपासूनच 'अल्कोहोल, पाणी, सुगंध' असं छापत. बारकोड नसेल तर बाटली बहुधा १९८० च्या दशकाच्या आधीची किंवा त्याच्या सुरुवातीची. उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात महिन्यांचा आकडा दिसला तर ती २००५ नंतरची.

पत्ताही वाचा. प्रॉक्टर अँड गँबल असेल तर २००१ ते २०११ च्या दरम्यानची, डिझायनर पार्फम्स असेल तर त्यानंतरची. नुसतं 'झाँ पातू, पॅरिस' आणि सँ-फ्लोरांताँचा पत्ता असेल तर बाकीच्या खुणांशी ताडून बघा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका, कारण जुनी खोकी संपेपर्यंत कारखान्यात वापरली जातात.

जुनंच चांगलं असं समजू नका. १९८० च्या दशकातली नीट ठेवलेली बाटली १९४० च्या उन्हात भाजलेल्या बाटलीपेक्षा कितीतरी पटींनी अधिक शिकवते. पण हेही खरं की ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं शेवाळासारखं दगडफूल), काही जुने कस्तुरी रेणू आणि इतर द्रव्यांवर पुढे निर्बंध आले, त्यामुळे शेवटच्या वर्षांतला माल जुन्यासारखा लागत नाही. नवशिक्याने १९७० ते १९९० या दोन दशकांतला माल शोधावा. त्यात रचना शाबूत असते आणि किंमतही आवाक्यात राहू शकते.

पाचवी पायरी: घेण्याआधी काय विचारायचं

पहिली गोष्ट पातळी. बाटली उजेडासमोर धरून काढलेला फोटो मागा. सीलबंद बाटलीतूनही वर्षानुवर्षं द्रव उडून जातो, त्यामुळे थोडी कमी पातळी चालते. अर्ध्यापेक्षा खाली असेल तर आत हवा फार गेली असं धरा.

दुसरी गोष्ट रंग. जाईमुळे 'जॉय' काळाबरोबर गडद होतो. मधासारखा सोनेरी किंवा हलका तपकिरी रंग ठीक. कोऱ्या चहासारखा काळपट असेल तर सोडा. 'जॉय'ची ती प्रसिद्ध काळ्या काचेची, लाल बुचाची कुपी फार देखणी आहे, पण तिच्यात आतलं काही दिसत नाही. पहिल्या खरेदीला ती घेऊ नका. लुई स्यू या वास्तुकाराने आखलेली पारदर्शक चौकोनी बाटली बघा.

तिसरी गोष्ट मान. दाट परफ्यूमच्या बाटलीचं बूच घासलेल्या काचेचं असतं, आणि त्यावर पातळ पापुद्रा ताणून सोनेरी दोरा गुंडाळलेला असतो. हा पापुद्रा शाबूत असेल तर ती बाटली कोणी उघडली नाही याची ती सर्वांत भरवशाची खूण. रिकाम्या जुन्या बाटल्यांत दुसरंच काही भरून विकणारे असतात, आणि पापुद्रा नसलेल्या बाटलीवर खात्री करायचा दुसरा चांगला उपाय नाही.

बाहेरून मागवताना हे ध्यानात ठेवा: परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं, तो ज्वलनशील माल ठरतो आणि साध्या टपालाने पाठवायला मनाई आहे. कुरिअर कंपनी धोकादायक माल घेते का हे विकणाऱ्याने आधी विचारलं पाहिजे, आणि सीमाशुल्क धरूनच खर्च मोजा. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडे देणं जास्त सोपं. चेक-इन सामानात परफ्यूमची एक बाटली ५०० मिलीपर्यंत आणि असा सगळा माल मिळून २ लिटरपर्यंत चालतो. हातातल्या बॅगेत प्रत्येक बाटली १०० मिलीच्या आत हवी. कुपी कपड्यांत गुंडाळून उभी ठेवायला सांगा. घासलेल्या काचेचं बूच आडवं पडलं की झिरपतं.

सहावी पायरी: उघडणं आणि हुंगणं

दोरा लहान कात्रीने कापा आणि पापुद्रा ओला न करता सोलून काढा. बूच अडकलेलं असतंच. ओढू नका. मान बोटांच्या उबेने थोडी गरम होऊ द्या, लाकडी चमच्याच्या दांड्याने बुचाला चहूबाजूंनी हलकेच टिचक्या मारा आणि मग फिरवा. तरी निघालं नाही तर बूच आणि मान यांच्या सांध्यावर ग्लिसरीनचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा. चिमट्याने पकडलं तर मान तुटते.

पहिला थेंब कागदी पट्टीवर घ्या, अंगावर नाही. पहिली काही मिनिटं नेलपॉलिश, जुनं तूप किंवा सेलरीसारखा वास येऊ शकतो. लिंबूवर्गीय आणि हिरवी द्रव्यं सगळ्यांत आधी बिघडतात, त्यामुळे जुन्या परफ्यूमची सुरुवात जवळपास नेहमीच दुखावलेली असते. पट्टी बाजूला ठेवा, वीस मिनिटांनी परत या. फुलं शाबूत असतील तर ती तोवर वर येतात. तासाभरानेही तुपाचाच वास असेल तर बाटली गेली असं समजा.

पट्टीवर चांगला वाटला तरच मनगटावर एक थेंब. चोळू नका. त्या दिवशी दुसरा सुगंध लावू नका, आणि शक्यतो उकाड्यात नाही, हिवाळ्याच्या सकाळी हुंगा. आपल्याकडच्या मे महिन्यात 'जॉय'चं सिव्हेट फार पुढे येतं.

फ्रान्सला जाणं झालं तर व्हर्सायच्या ऑस्मोथेकमध्ये जरूर जा. केर्लेओ आणि इतर परफ्यूमरांनी १९९० मध्ये उभं केलेलं हे सुगंधांचं संग्रहालय आहे. तिथे बंद झालेले परफ्यूम मूळ सूत्राप्रमाणे बनवून १२ अंश तापमानात, आरगॉन वायूखाली ठेवलेले असतात. सत्राची नोंदणी आधी करावी लागते. तिथे हुंगलेला ताजा सुगंध आणि आपल्या बाटलीतला जुना सुगंध ताडून पाहिला की काळाने नेमकं काय खाल्लं ते कळतं.

सातवी पायरी: आपल्या हवेत जपणं

परफ्यूमचे शत्रू तीन: ऊन, उष्णता, हवा. महाराष्ट्रात चौथा म्हणजे पावसाळा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट मे महिन्यात तापतं, तिथे बाटली ठेवू नका. घरातली आतली, उत्तरेची भिंत आणि लाकडी कपाटाचा खालचा कप्पा चांगला. न्हाणीघरात अजिबात नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर खोक्याला बुरशी लागते, आणि खोकं गेलं की वय ओळखायच्या खुणाही जातात. म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्यात बदला. फ्रिज वापरायचाच तर रोज उघडबंद न होणारा, आणि बाटली त्यातून आतबाहेर करू नका. तापमानाच्या चढउताराने बूच सैल होतं.

बाटली अर्ध्यावर आली की उरलेला परफ्यूम काठोकाठ भरेल अशा लहान काचेच्या शिशीत काढा. शिशीवर कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर परफ्यूमचं नाव, प्रकार, खोक्यावरून ठरवलेला काळ आणि उघडल्याची तारीख पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलने पुसली जाते.